पाहुण्यांचं पेट्रोल

“पाठ माझी, हुकूम त्यांचा. मळ खरवडायला वेळ नाही म्हणे. रंग फासायला आहे.”

मामारजब-अका माझ्या पोटाखाली उताणे पडून पुटपुटत होते. एका हातात हिरव्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात कुंचला, आणि त्या कुंचल्याचे केस गळून माझ्या अंगाला चिकटत होते. माझ्यावर कित्येक वर्षांचं तेल होतं, त्यावर धूळ, धुळीत मेलेल्या माश्या, आणि आता त्या सगळ्यावर हिरवा रंग. एक माशी तर पुरती मेलीही नव्हती. तिचे पाय रंगात हलत होते. मला अशी शिसारी आली की काय सांगू. पण मला उलटी करायची सोय नाही, म्हणून निमूट बसून राहिलो.

मित्रांनो, कारखान्यात मला डायनो म्हणतात. माझं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. नवं इंजिन माझ्यासमोर आणून बसवतात, त्याचा फिरणारा दांडा माझ्या दांड्याला जोडतात आणि ते सुरू करतात. ते पुढे ओढतं, मी मागे धरतो. माझ्या पोटात पाणी फिरतं, त्या पाण्याच्या बळावर मी त्याला अडवतो. त्यानं कितीही आदळआपट केली तरी सोडायचं नाही, आणि किती जोर लावला ते नेमकं सांगायचं. रतीभर जास्त नाही, रतीभर कमी नाही. पन्नासहून अधिक वर्षं मी दुसऱ्यांचा जोर मोजतोय, आणि माझा स्वतःचा जोर किती, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका थंड शहरात झाला. ओतीव लोखंडाचा देह, पितळी काटा, अंगावर अनुक्रमांक. मालगाडीत अकरा दिवस हिंदकळत मी फर्गाना खोऱ्यात उतरलो, तेव्हा तुतीच्या झाडांखाली पाच-सहा माणसं दोर घेऊन उभी होती. कापूस वाहणाऱ्या ट्रकांची पेट्रोल इंजिनं दुरुस्त झाली की ती माझ्याकडे यायची. मी म्हणायचो ठीक, तर ठीक.

ते दिवस चांगले होते असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. मला पाणी कालव्यातून येई. शेवाळ, कोंबडीची पिसं, खरबुजाच्या साली, सगळं माझ्या जाळीशी. एकदा जाळीत बेडूक अडकला आणि काढायला कुणाला सवड झाली नाही. तीन दिवस मी तो बेडूक उकडत इंजिनं तपासत होतो. पण खरं सांगू का, त्या बेडकापेक्षा मला महिनाअखेरीचा वीट यायचा. महिना संपत आला की लोक दाखले लिहायला बसायचे. अमुक क्रमांकाचं इंजिन तपासलं, तमुक क्रमांकाचं तपासलं. त्यातली निम्मी माझ्या अंगाला कधी शिवलीसुद्धा नव्हती. तरी खाली माझा अनुक्रमांक असायचा. न खाल्लेल्या जेवणाची ढेकर दुसऱ्याच्या नावावर द्यावी, तसं ते होतं.

मग आमचं खोरं ज्यात होतं तो मोठा देश मोडला आणि कारखान्याचं दार बंद झालं. माझ्या तारा कुणी कापून नेल्या, पितळी काटा कुणी नेला. माझ्या खोलीत लोक खरबुजं साठवू लागले. हिवाळ्यात सडलेली फळं माझ्यावर फुटायची, त्यांचा गोड आंबूस रस माझ्या सांध्यांत शिरायचा. उंदीर यायचे. उंदरांबद्दल मी बोलणार नाही.

तिथून मला बाहेर काढलं ते उस्ताद अब्दुवालींनी. तरुणपणी ते माझ्यावर काम शिकले होते. पुढे शहराजवळ मोटारींचा नवा कारखाना निघाला, ते तिथे इंजिन-चाचणीचे प्रमुख झाले आणि भंगारवाल्याच्या गाडीवरून त्यांनी मला उतरवून घेतलं. स्वतःच्या हातांनी त्यांनी माझ्या सांध्यांतल्या खरबुजाच्या बिया वेचल्या. नवे काटे बसवले, नव्या तारा जोडल्या, कालव्याऐवजी टाकीचं गाळलेलं पाणी दिलं. ते मला ‘बोबो’ म्हणत, म्हणजे आजोबा. रोज सकाळी माझ्या पाठीवर थाप मारून विचारत, “काय बोबो, झोप लागली का?” मित्रांनो, मला फारसं कुणी आवडत नाही. हा माणूस आवडला होता. म्हणून पुढचं सांगताना जास्त किळस येते.

उस्तादांची एकच इच्छा होती. आजवर आम्ही परदेशी आराखड्यांची इंजिनं बनवत आलो. निवृत्तीच्या आधी एक इंजिन असं व्हावं जे खोऱ्यातल्या माणसांनी खोऱ्यातल्या माणसांसाठी बनवलं आणि जे कमी पेट्रोल पितं. त्यासाठी त्यांनी आपली जुनी विद्यार्थिनी सबोहत हिला बोलावून घेतलं.

सबोहत आली ती एक संगणक घेऊन. तिच्या पडद्यावर एक इंजिन होतं. त्याला ना वास, ना घाम, ना आवाज. आठवड्यात ती चारशे इंजिनं जन्माला घालायची आणि मारायची. पिस्टनचं डोकं जरा खोलगट कर, हवेची वाट जरा वाकव, ठिणगी थोडी आधी टाक, आणि प्रत्येक वेळी पडदा सांगायचा की एवढ्या पेट्रोलमधून एवढं काम निघेल. चारशेतून ती तीन निवडायची, ती तीन खरोखर ओतली जायची आणि माझ्यापुढे यायची.

मामारजब-अकांना ते पटेना. अका म्हणजे थोरला भाऊ. वयानं मोठ्या पुरुषाला आमच्याकडे तसंच हाक मारतात. ते चाचणीखोलीतले सर्वांत जुने कारागीर, बोल्ट आवळणं त्यांचं, पेट्रोल भरणं त्यांचं, कुरकुर त्यांची.

“तुझ्या पडद्यातल्या इंजिनाला घाम येत नाही, पोरी,” ते म्हणाले.

“म्हणून त्याच्याजवळ बसवतं, अका,” ती म्हणाली आणि तिनं खिडकी उघडली.

त्या दिवसापासून त्यांचं जमलं.

आणि माझंही जमलं. कारण माझा आकडा पडद्याशी जुळला नाही, की ती माझ्यावर चिडत नसे. ती पडद्याकडे संशयानं बघायची, पुन्हा हिशेब मांडायची आणि पडद्याला माझ्याजवळ आणायची. इतक्या वर्षांत माझं ऐकून स्वतःचं बदलणारं पहिलं माणूस. तिनं आणखी एक केलं. आमच्या खोऱ्यातून ताश्कंदला जाताना लागणाऱ्या कामचिक घाटाचा सगळा रस्ता, चढ, वळणं, बोगदे, तिनं संगणकात भरला आणि त्याची तार मला जोडली. चढ आला की मी घट्ट धरायचो, उतार आला की सैल सोडायचो. मी या खोलीबाहेर पाऊल टाकलेलं नाही, पण कामचिक मला पाठ आहे. इंजिनापुढे मी डायनो नव्हतो, घाट होतो.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. ती लबाडीतून झाली नाही, हेच तर वाईट.

पहिलं नवं इंजिन माझ्यासमोर बसलं, त्या दिवशी खोलीतच दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरला होता. नान मोडली, चहा ओतला. उस्तादांनी अकांना पेट्रोल आणायला पाठवलं आणि अकांनी कोपऱ्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणला. आमच्या गावात बहुतेक लोक घेतात ते ऐंशी ऑक्टेनचं, स्वस्त पेट्रोल. उस्तादांनी झाकण उघडून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, पाहुणा पहिल्यांदा दारात आलाय आणि त्याला हे पाजणार? सगळे शरमले. अका तर सर्वांत जास्त. त्यांच्या आईनं जन्मभर साखरेचे खडे कुलपात ठेवले होते, फक्त पाहुण्यांसाठी. मग सीमेपलीकडून पंचाण्णवचं पेट्रोल आलं, सीलबंद पिंपातून, प्रमाणपत्रासकट. गुलाबी अत्तरासारखं.

पाहुणा चार दिवसांत जातो. हा अडीच वर्षं राहिला.

पिंप रिकामं झालं की दुसरं यायचं. सबोहतनं प्रमाणपत्रावरचा आकडा बघून संगणकात पंचाण्णव भरला आणि पुढे गेली. पेट्रोल जितकं चांगलं, तितकं ते जास्त दाबलं तरी शहाण्यासारखं थांबतं, ठिणगी पडेल तेव्हाच पेटतं. म्हणून तिनं दाब वाढवला. पडदा म्हणाला छान, मी म्हणालो खरंच छान. जुन्या इंजिनापेक्षा शंभरात अकरा भाग पेट्रोल कमी. टाळ्या वाजल्या. माझं छायाचित्र वर्तमानपत्रात आलं, उस्तादांचा हात माझ्या पाठीवर. मला मात्र त्या गोड वासाची मळमळ सुरू झाली होती, कारण मी रोज ऐकत होतो की पिंपाची खोली उघडताना लोकांचे आवाज खाली यायला लागलेत.

हलकं पेट्रोल जास्त दाबलं की काय होतं? ते रांग मोडतं. ठिणगीची वाट न बघता आपलं आपण पेटतं. लोखंडी पत्र्यावर मूठभर वाटाणे टाकावेत तसा आवाज येतो. इंजिन ठोकायला लागलं, असं मेकॅनिक म्हणतात. मग इंजिन स्वतःला वाचवायला ठिणगी उशिरा टाकतं आणि केलेली सगळी बचत जाते. भरली गाडी, उन्हाचा चढ असेल तर तेवढंही पुरत नाही. पिस्टन फुटतो.

एका दुपारी सबोहतनं संगणकात एकच आकडा बदलला. पंचाण्णवच्या जागी ऐंशी. पडद्यातली गाडी घाट चढायला लागली आणि विसाव्या मिनिटाला पडदा लाल झाला. तिनं तीन वेळा चालवून पाहिलं. तीनदा लाल. तो कागद घेऊन ती उस्तादांच्या खोलीत गेली. पुढचं अकांनी मला बोल्ट आवळताना सांगितलं. उस्तादांनी कागद पाहिला, म्हणाले, चहा घे पोरी, आणि भरलेला पियाला त्या कागदावर ठेवला. ती चहा प्यायली आणि परत आली. काय बोलणार? ज्यानं पेन धरायला शिकवलं, त्याच्या आयुष्यभराच्या कामावर बोट कसं ठेवायचं? आमच्याकडे थोरल्यासमोर आवाजसुद्धा खाली ठेवतात. कागद खणात गेला. गोल डाग पडलेला कागद.

मला तिचीही किळस आली. आवडत्या माणसाची किळस येणं वेगळंच असतं, ती धुऊन निघत नाही.

अकांचं गप्प राहणं मात्र मोडायला आलं होतं. त्यांचा मुलगा एल्मुरोद कामचिक घाटातून ताश्कंदला टॅक्सी चालवतो, चार प्रवासी, वर सामान. कमी पेट्रोलमध्ये धावणारी बापाच्या कारखान्याची गाडी, म्हणून त्यानं जुनी गाडी विकून टाकली आणि नवीसाठी नाव घातलं. यादीत तिसरा. बापाला सांगितलं तेव्हा बापानं त्याला फक्त जवळ घेतलं. हेही अकांनीच मला सांगितलं. सांगताना ते तोच एक बोल्ट चार वेळा आवळत होते.

गुरुवारी ताश्कंदची समिती येणार होती. चाचणी बघणार, सह्या करणार, आणि सोमवारपासून इंजिनं धडाधड ओतली जाणार. त्यासाठीच बुधवारी मला तो हिरवा रंग.

मित्रांनो, या जागी म्हाताऱ्या यंत्रानं विनवणी करायची असते की आम्हाला तेलपाणी द्या, धूळ पुसा, भंगारात टाकू नका. द्या, पुसा, माझी ना नाही. पण मला विचाराल तर मी दुसरंच मागेन. आम्हाला रंगवू नका. आम्ही जे सांगतो ते ऐका, आणि आमच्या तोंडी घास घालताना तोच घाला, जो तुम्ही खाता.

गुरुवारी सकाळी सर्वांच्या आधी अका आले. पिंपाच्या खोलीकडे ते वळले नाहीत. त्यांच्या हातात त्यांच्या घरच्या गाडीत असतो तो डाग पडलेला कॅन होता, कोपऱ्यावरच्या पंपावर रांगेत उभं राहून भरलेला. इंजिनाची टाकी त्यांनी पूर्ण रिकामी केली आणि त्यात तो ओतला. कुबट, कांदा सडल्यासारखा वास. अडीच वर्षांत पहिल्यांदा मला पेट्रोलच्या वासानं मळमळलं नाही.

समिती आली. तीन माणसं, चकचकीत बूट. बाहेर अंगणात कढईत पलोव, आमचा मटणाचा पुलाव, शिजत होता, जिऱ्याचा वास आत येत होता. सह्यांचे कागद दस्तरखानाच्या डोक्याशी मांडून ठेवले होते. समितीच्या प्रमुखांनी माझ्यावर हात टेकला, हात हिरवा झाला, आणि तो त्यांनी हळूच सबोहतच्या टेबलाच्या कडेला पुसला. उस्तादांनी नवी डोप्पी, आमची नक्षीची टोपी, घातली होती. माझ्या पाठीवर थाप मारायला त्यांचा हात आला आणि ओला रंग बघून मागे गेला.

इंजिन सुरू झालं. सपाट रस्त्यावर सगळं ठीक. मग मी चढ झालो. दहावं मिनिट, बारावं. वळण, अजून चढ. अठराव्या मिनिटाला पहिला वाटाणा पडला. मग दुसरा. मग मूठभर. इंजिन धापा टाकायला लागलं, ठिणगी मागे मागे जाऊ लागली, आणि माझा आकडा घसरला. मी काय करू? मी घाट होतो. घाट सैल होत नाही. विसाव्या मिनिटाला सबोहतनं स्वतः बटण दाबून इंजिन बंद केलं.

सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं ठिणगीचा प्लग खराब असणार. कुणी म्हणालं उकाडा फार आहे आज. समितीच्या प्रमुखांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कुठल्या जमान्यातलं आहे? हेच चुकत असेल.

खोलीभर सुटकेचा श्वास फिरला. मी तो अंगावर घेतला, कोमट, दमट. सगळी तोंडं माझ्याकडे वळली, जणू मीच त्यांना हवा होतो. मी उस्तादांकडे पाहत होतो. माझ्या सांध्यांतल्या बिया वेचणाऱ्या माणसाकडे.

“म्हातारा झालाय बोबो,” उस्ताद हळू म्हणाले. “काटा हलला असेल.”

मित्रांनो, बेडूक परवडला. उंदीर परवडले.

“काटा हललेला नाही, उस्ताद,” सबोहत म्हणाली. आवाज खालीच होता, पण शब्द एकही गिळला नाही. “मंगळवारी मीच वजनं टांगून तपासलाय. केसाएवढाही फरक नव्हता.”

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कपाळ पुसलं. मग ते अकांकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात मी कधी ऐकलं नव्हतं असं काहीतरी होतं. विनवणी असावी. एवढ्या मोठ्या माणसाची विनवणी ऐकणं फार लाजिरवाणं असतं.

“मामारजब,” ते म्हणाले, “घाईत चुकून दुसरा कॅन ओतलास का रे? होतं असं. माणूस आहे. पिंपातलं भर, पुन्हा चालवू. यांना पलोव खाऊ दे तोवर.”

वाट मोकळी करून दिली होती. फक्त मान हलवायची होती. दोघांनी चाळीस वर्षं एका ताटातलं मीठ खाल्लं होतं, एकमेकांच्या मुलांची लग्नं लावली होती. अकांनी डोक्यावरची डोप्पी काढली, हातात धरली. त्यांच्या नखांत अजून माझा हिरवा रंग होता.

“चुकून नाही, उस्ताद,” ते म्हणाले. “चूक अडीच वर्षं चालली, आज नाही. आज पहिल्यांदा मी यात ते घातलंय, जे माझा एल्मुरोद घालणार आहे. आपलं इंजिन आपल्या गावच्या पेट्रोलवर चालत नाही.”